बिरदेवचा एका पानाचा बायोडाटा

सेलूच्या स्टेशनावरून बाजाराकडे निघालात की डाव्या हाताला झेरॉक्स, फोटो, टायपिंग अशी पाटी दिसते. ते दुकान माझं. मी राजेश्री. गावातली पोरं पाठीमागे मला खवट बाई म्हणतात, आणि त्यात त्यांचं फारसं काही चुकत नाही. नोकरीला अर्ज करायचा म्हटलं की ही पोरं माझ्याकडे येतात, मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "म्याडम, ह्यो माझ्या दोस्ताचा बायोडाटा. याच्यात फक्त नाव बदला." त्या दोस्तानेही तो दुसऱ्या कुणाचा तरी घेतलेला असतो. त्यामुळे सेलू तालुक्यातला प्रत्येक बेकार पोरगा कागदावर मेहनती आहे, जबाबदार आहे, चारजणांत मिळून काम करणारा आहे, आणि सगळ्यांचा छंद वाचन. माझ्या दारावर 'चपला बाहेर काढा' असं लिहिलंय, तेवढं वाचलं तरी मी धन्य होईन.

माझं म्हणणं साधं असतं. बायोडाटा एका पानाचा हवा आणि अक्षर मोठं हवं. वाचणारा माणूस उभ्या उभ्या वाचतो, त्याच्या एका हातात चहा असतो आणि टेबलावर असे पन्नास कागद पडलेले असतात. त्यातली एक गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली तरी काम झालं. म्हणून मी मोबाईल बाजूला ठेवायला लावते आणि विचारते, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते सांग. बहुतेकांची बोबडी तिथेच वळते. मी मात्र त्यातूनच त्यांचा कागद तयार करते, कारण माणूस रोज जे करतो तेच त्याला येत असतं.

बिरदेव गडदे या प्रश्नाला अडला नाही. दसरा होऊन गेला होता, दिवाळीला अवकाश होता, तेव्हा तो पहिल्यांदा दुकानात आला. चाळिशीचा, काटक, पँट-शर्टावर खांद्याला घोंगडी. काठी त्याने बाहेर भिंतीला टेकवून ठेवली, चपला काढल्या आणि आत येऊन उभाच राहिला. अंगाला मेंढरांचा वास होता. बाकावर बसलेली दोन पोरं नाकाला रुमाल लावून सरकली, तेव्हा मी त्यांना बाहेर उन्हात उभं केलं.

त्याच्या हातात एक जाहिरातीचा कागद होता. तो मीच छापून दिलेला होता. पाथरी रोडला महारुद्रने नवीन शेळीपालन सुरू केलंय. घरची जमीन मोठी, हा पुण्यात कंपनीत होता, ते सोडून परत आला आणि शेडमध्ये उस्मानाबादी शेळ्या पाळायला लागला. 'अनुभवी माणूस पाहिजे. कुटुंबासह राहायला खोली. बायोडाटा पाठवावा.' जनावरं राखणाऱ्याकडे बायोडाटा काय मागतोस, असं मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं. तो म्हणाला, "काकू, पद्धत असते." पुण्याहून येताना माणूस काय काय घेऊन येतो.

बिरदेवने मला पगार विचारला नाही. त्याने विचारलं, "ताई, ह्ये खोली देत्यात ते नक्की न्हवं?"

"नक्की. मी पाहिलीय. नळ आहे, लाईट आहे."

"मंग करा माजा बायोडाटा."

खोली त्याला त्याच्या लेकीसाठी हवी होती. दीपिका नववीत होती. गडद्यांचं घर पेडगावचं, पण घर म्हणजे नुसतं कुलूप. दसरा ते आखाड हे लोक मेंढरांमागे फिरत असतात, आज या शिवारात, उद्या त्या. इतकी वर्षं दीपिका आजीजवळ, कासाबाईजवळ, पेडगावात राहून शाळेत जायची. पावसाळ्यात कासाबाई वारली. आता पोरगी आईबापासोबत पालावर होती आणि शाळा सुटल्यात जमा होती. फार्मवर खोली मिळाली तर दहावी सेलूत होईल, एवढाच त्याचा हिशोब होता. मेंढरं चुलतभावाच्या, चंद्रभानच्या कळपात घालायची, बापाने त्यांच्यासोबत फिरायचं, आणि बिरदेव, त्याची बायको शालू आणि दीपिका या तिघांनी फार्मवर राहायचं, असं ठरलं होतं.

"काल काय काय केलंत ते सांगा," मी म्हटलं.

तो सांगत गेला. पहाटे एक मेंढी अडली होती, कोकराचा पाय आत दुमडला होता, तो सरळ करून कोकरू काढलं. मग बन्सीधररावांच्या रानात मेंढरं बसवायची बोलणी झाली. कळप रात्री शेतात बसतो, शेताला लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. मग दिवसभर चारणी. एका मेंढीच्या खुरात काटा मोडला होता तो काढला. संध्याकाळी लांडग्याचा माग दिसला म्हणून बाप रात्रभर जागला.

"बाप अजून जागतो?"

"आबाला झोपच न्हाई. सत्तरी उलटली, पर मेंढरं आमच्यापरास तेलाच जास्त कळत्यात. मला समदं तेनंच शिकिवलं."

मी लिहीत गेले आणि माझा मूड सुधारत गेला. कितीतरी महिन्यांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. शिक्षण दहावी पास, तेही पेडगावच्या शाळेत, निम्मं वर्ष गैरहजर राहून. कागदाच्या मधोमध मी अशा ओळी टाकल्या:

'लहानपणापासून मेंढरं आणि शेळ्या राखतो.
अडलेली मेंढी हाताने सोडवतो.
आजारी जनावर चरायचं सोडण्याआधीच ओळखतो.
लांडगा आला तरी कळप फुटू देत नाही.
ज्यांच्या शेतात राहिलो त्यांच्यापैकी कुणाशी भांडण नाही.'

शेवटची ओळ मी त्याला विचारून टाकली. तो जरा विचार करून म्हणाला, "एकाशी झालतं. पर तो मेला." मग मी ओळ तशीच ठेवली.

गाडी अडली ती एकाच ठिकाणी. मी विचारलं, "किती मेंढरं आहेत?"

"हायेत की."

"अहो, पण किती?"

"देवाच्या दयेनं हायेत बगा."

"पन्नास? शंभर? दीडशे?"

"तुमी म्हणताल तेवडी." आणि तो दाराबाहेर बघायला लागला.

मी इथलीच आहे, मला हे कळायला हवं होतं. मेंढरांचा आकडा हे लोक परक्याला सांगत नाहीत. सांगितला की कळपाला नजर लागते. घरातही मोठ्याने मोजत नाहीत. संध्याकाळी कळपावर नजर फिरवतात आणि कोण आलं नाही ते चेहऱ्यावरून ओळखतात. मी त्याला समजावलं की नोकरीच्या कागदात आकडा असला की वजन पडतं. कागदाला कुणाची नजर लागतेय, असंही म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "कागूद कुणीबी वाचतंय, ताई." मग मी नाद सोडला आणि आकड्याविना कागद पुरा केला.

फोटोसाठी मी दुकानात एक निळा शर्ट ठेवते. तो त्याने घातला, पण पटका काढायला तयार होईना. मी म्हटलं राहू द्या, त्यानेच तुम्ही लक्षात राहाल. मान सरळ करा, हनुवटी खाली घ्या, हसू नका, पण रागावल्यासारखंही बघू नका, असं माझं चाललं होतं. तो अगदी गुमान सगळं करत होता. फोटो छान आला. त्याने तो बराच वेळ हातात धरून पाहिला आणि म्हणाला, "दीपीला दावतो." दुपारच्या गाडीने तो पेडगावला परत गेला.

त्याच संध्याकाळी मी कागद महारुद्रला मोबाईलवर पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन. म्हणाला, "काकू, बाकीचे सगळे बायोडाटे एकसारखे आहेत. हा एकच माणूस मला दिसला. भांडण नाही म्हणतो." तो हसत होता. "बोलवा याला. पण कळप केवढा होता ते लिहून घ्या. दहा मेंढरं सांभाळणं वेगळं आणि शंभर सांभाळणं वेगळं."

मी बिरदेवला फोन लावला, तर फोन बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशीही बंद. मग माझं डोकं फिरलं. या लोकांसाठी जीव पाखडायचा आणि यांना फोन चार्ज करायला होत नाही. महारुद्रने दोनदा विचारलं, मी दोनदा थाप मारली. असेल कुठे तरी रानात, एवढा विचार काही माझ्या मनात आला नाही.

आठवड्याने तो आला. सोबत एक म्हातारा होता. उंच, वाकलेला, धोतर गुडघ्यापर्यंत. बिरदेवने त्याला हाताला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं, "आबा, हितंच बसा, मी हाय आत," असं दोनदा सांगितलं, मग चपला काढून आत आला. आज भिंतीला काठी टेकवलेली नव्हती.

मी तोंड सोडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "ताई, तुमी आकडा म्हणलत्या. लिवा. एकशेबारा मेंढरं. शेळ्या नऊ."

मी खूश झाले. खुर्ची पुढे ओढली, फाईल उघडली आणि आकडा टाईप करता करता त्याला चिडवलं, "आला ना शेवटी तोंडातून आकडा? आता नाही का लागत नजर?"

तो म्हणाला, "आता कशाला लागंल, ताई?"

मी टाईप करायची थांबले आणि त्याच्याकडे पाहिलं. तो पटक्याच्या शेवाने तोंड पुसत होता.

"काय झालं?"

"मेली."

मी पंखा बंद केला, कारण तो इतक्या हळू बोलत होता की ऐकू येईना. ज्वारी काढून नेली की धसकटं रानात उभी राहतात. परतीचा पाऊस झाला की त्यांना पुन्हा कोवळे फुटवे येतात. दिसायला हिरवेगार, जनावराला गोड, आणि पोटात गेले की विष. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बन्सीधररावांचं सोयाबीन निघालेलं रान चारायला ठरलं होतं. बांधाच्या पलीकडे दुसऱ्या कुणाची ज्वारीची धसकटं होती. रात्रभर लांडग्यासाठी जागलेला बिरदेवचा बाप, सटवाजी, दुपारी बाभळीखाली टेकला आणि त्याचा डोळा लागला. मेंढरं बांध ओलांडून गेली. शालूला पालावरून ओरडा ऐकू आला, ती आणि दीपिका धावत गेल्या, तोवर मेंढरं थरथर कापून एकेक पडत होती. गूळपाणी पाजलं, डॉक्टरला फोन केला, तो आलाही. पण तोवर रान मेलेल्या मेंढरांनी भरून गेलं होतं.

"कधी झालं हे?"

"तुमच्याकडं आलतो न्हवं मी. त्याच दिशी."

मी याला हनुवटी खाली घे म्हणत होते, तेव्हा तिकडे त्याची मेंढरं पडत होती. आम्ही दोघं इथे हसत होतो. यात माझी चूक नव्हती आणि त्याचीही नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं, पण कळून काही उपयोग होत नव्हता.

"वाचलीत का काही?"

"आठ-दहा वाचली. इकून टाकली. आबाला तिकडं बगवंना."

मी बाहेर पाहिलं. म्हातारा बाकाच्या कडेला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, समोरून माणसं जात होती तरी बघत नव्हता.

"बोलतच न्हाई. जेव म्हणलं की जेवतोय, झोप म्हणलं की पडतोय. एकट्याला सोडायचं भ्या वाटायलंय मला. परवा हिरीच्या काठाला जाऊन बसलता." तो आणखी हळू बोलायला लागला. "ताई, तुमाला म्हणून सांगितलं. लोकास्नी म्या वेगळं सांगितलंय. मीच मेंढरांपाशी होतो, माजाच डोळा लागला, आसं. शालूला आन् दीपीलाबी तसंच सांगायला लावलंय."

"कशाला पण? त्या म्हाताऱ्याने मुद्दाम केलंय का?"

"मुद्दाम कोण करतंय. पर आबा म्हंजी आमच्याकडं लय मानाचा माणूस. कुणाचं जनावर आजारी पडलं की तेला न्हेत्यात. रातच्याला मेंढरांचा वाडा कुठं टाकायचा ते तेला इचारत्यात. त्याच्या हातनं आख्खा कळप फुटव्यावर गेला म्हणलं, तर उद्या कोण तेच्यापाशी बसंल? मेंढरं गेली ती गेली. ह्येबी गेल्यावर तो कशाला जगंल?"

मी त्याला सांगितलं, ते तुमच्या वाड्यावर चालू दे. महारुद्रला मात्र खरं सांगायचं. त्याला तुमच्या मानपानाशी देणंघेणं नाही, त्याला माणूस हवाय. तुम्ही त्या दिवशी माझ्या दुकानात बसला होता, मी साक्षीदार आहे, संपला विषय. आता तर ही नोकरी नुसती दीपिकाच्या शाळेसाठी राहिली नव्हती. घरात दुसरं काहीच उरलं नव्हतं. तो "बगू" म्हणाला. त्याचं ते बगू मला आवडलं नाही, म्हणून दुकान बंद करून मीही त्यांच्यासोबत जायचं ठरवलं.

रिक्षा करून आम्ही तिघं फार्मवर गेलो. बापाला मागे एकटं ठेवता येत नव्हतं, तो आमच्या मध्ये बसला होता. महारुद्र फाटकापाशी आला. त्याच्या हातात तोच कागद होता, आकडा घालून मी निघताना पाठवलेला. त्याने बिरदेवला शेड दाखवलं, फळ्यांच्या माचावर शेळ्या उभ्या होत्या. तो प्रश्न विचारत होता आणि बिरदेव उत्तरं देत होता, छोटी आणि सरळ. एका शेळीच्या कासेला हात लावून त्याने काहीतरी सांगितलं, ते महारुद्रने मोबाईलमध्ये लिहून घेतलं. मी मागे उभी होते, मला बरं वाटायला लागलं होतं. महारुद्र म्हणाला, "चला, खोली बघून घ्या." खोलीत बिरदेवने नळ सोडून पाहिला नाही, चूल कुठे मांडायची ते पाहिलं नाही. तो खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "हितं उजेड चांगला हाय. लेकरू हितं बसंल अभ्यासाला."

मग आम्ही शेडसमोर खुर्च्यांवर बसलो. सटवाजीबाबाला खुर्ची नको होती, तो खाली ओट्यावर बसला. चहा आला. महारुद्रने कागद पुन्हा पाहिला आणि सहज विचारलं, "एकशेबारा मेंढरं. मग ती सोडून इकडे कसे काय? कुणाला दिली?"

"ती न्हाईत आता," बिरदेव म्हणाला.

महारुद्रने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पेडगावकडे फुटवे खाऊन मेली, पेपरात होतं, ती तुमची?"

"होय."

"अरे बापरे." त्याला खरंच वाईट वाटलं, ते दिसत होतं. "कोण होतं मेंढरांजवळ?"

मी बिरदेवकडे पाहिलं. तो ओट्याकडे बघत नव्हता, पण मी बघितलं. सटवाजीबाबाने मान वर केली होती. इतक्या वेळात पहिल्यांदा तो कुणाच्या तरी तोंडाकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

"मीच होतो," बिरदेव म्हणाला. "डोळा लागला माजा."

मी म्हटलं, "अरे, महारुद्र, त्या दिवशी हे तर माझ्या..."

"ताई," बिरदेव म्हणाला. आवाज चढवला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. "आबाला जरा पाणी आणून देता का?"

आयुष्यात मला गप्प बसवणारी माणसं थोडी आहेत. मी उठले आणि पाणी आणायला गेले.

परत आले तेव्हा बोलणं संपत आलं होतं. महारुद्र वाईट बोलला नाही. तुम्ही माणूस चांगले आहात, तुम्हाला जनावरांचं कळतं हे मला दिसतंय, पण माझ्याकडे बँकेचं कर्ज काढून आणलेली जनावरं आहेत, माझ्याही शेतात ज्वारी आहे, आणि एकदा असं झालेल्या माणसाच्या हाती मी ती कशी देऊ, तुम्हीच सांगा, असं म्हणाला. बिरदेव म्हणाला, "बराबर हाय तुमचं." त्याने चहाचा कप उचलून नळाखाली धुऊन जागेवर ठेवला. महारुद्रने फाटकापर्यंत येऊन आम्हाला निरोप दिला.

रिक्षा बघायला बिरदेव रस्त्यावर पुढे गेला. मी आणि सटवाजीबाबा लिंबाखाली थांबलो. मला इतका राग आला होता की कुणावर काढावा कळत नव्हतं. बापावर, लेकावर, महारुद्रवर, त्या मेल्या ज्वारीवर. तेवढ्यात म्हातारा बोलला. आवाज खोल गेलेला, घासलेला.

"बाई, मी बोलणार होतो. म्या म्हणणार होतो, मी होतो म्हणून." तो थांबला. "तोंडच उघडलं न्हाई."

त्याने मागे फाटकाकडे पाहिलं.

"आता जाऊन सांगू का तेला? देईल का पोराला काम?"

मी जा म्हणाले असते तर तो गेला असता. त्याने पाय उचललाही होता. पण बिरदेव रिक्षा घेऊन आला, खाली उतरून बापाच्या काखेत हात घातला आणि म्हणाला, "आबा, जागा भरली म्हणले. दुसरीकडं बगू. चला." सटवाजीबाबा रिक्षात बसला आणि सेलू येईपर्यंत रडत होता. बिरदेव बाहेर बघत होता. रिक्षावाल्याने गाणी लावली होती ती मी बंद करायला लावली.

दुकानात आल्यावर मला राहवेना. मी महारुद्रला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. तो माणूस त्या दिवशी माझ्यासमोर बसला होता, बापाला झाकण्यासाठी खोटं बोलला, असा माणूस तुला दुसरा मिळणार नाही, असं मी त्याला सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, मग तर आणखीच अवघड झालं. बाप याच्यासोबतच राहणार ना त्या खोलीत? त्याला बाहेर ठेव असं मी कसं म्हणू? आणि मी म्हटलं तरी हा ठेवील का?"

ठेवणार नाही, हे मलाही माहीत होतं. मी फोन ठेवला. या फोनबद्दल मी बिरदेवला कधी बोलले नाही.

मध्ये बरेच दिवस गेले. चंद्रभानच्या कळपामागे बिरदेव रोजाने फिरतो असं कुणीतरी सांगितलं, मग तेही सुटलं असं कळलं. बाप पालावर एकटा राहत नाही आणि कळपाजवळही जात नाही, त्याला घेऊन फिरायचं कसं. शालू कापूस वेचायला जात होती, तिच्यासोबत दीपिकाही. शाळेचं मी विचारलं नाही.

परवा तो पुन्हा दुकानात आला. बाप बाहेर बाकावर होताच. एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये राखणीला माणूस हवा होता, गेटशेजारी पत्र्याची खोली होती, आणि मुकादमाने बायोडाटा आण म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, तुमचा तयार आहे, जुनाच काढून देते.

"तसला नगं," बिरदेव म्हणाला. "त्याच्यातलं मेंढरांचं काडा."

"सगळं?"

"समदं काडा."

"अहो, मग राहिलं काय? नाव, गाव आणि दहावी. अनुभवात काय लिहू?"

"काही न्हाई म्हणून लिवा."

मी चिडले. तीस वर्षांचं काम आहे, राखणीचंच काम आहे, रात्र रात्र जागून कळप राखणाऱ्या माणसाला कापसाच्या गंज्या राखता येणार नाहीत का, उलट तेच वाचून तो तुम्हाला घेईल, असं मी म्हटलं. तो ऐकत राहिला. माझं बोलून झाल्यावर त्याने बाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, लिवलं की इचारत्यात, मेंढरं कुठं गेली. आन् आबा तितं शेजारीच बसलेला आसतोय. मला परत्येकदा तेच्यासमोर सांगावं लागतंय, आन् तेला परत्येकदा ऐकावं लागतंय."

मी एकेक ओळ पुसत गेले. अडलेली मेंढी गेली, लांडगा गेला, भांडण नाही हेही गेलं. अनुभव, त्यापुढे नाही. पान जवळजवळ कोरंच राहिलं, म्हणून मी अक्षर आणखी मोठं केलं. खाली नेहमीचं वाक्य होतं, वर दिलेली सर्व माहिती खरी आहे. प्रिंट काढून मी त्याच्यापुढे ठेवलं, पेन दिलं, आणि त्याने त्या वाक्याखाली सही केली.